छावणीच्या फाटकावर शर्यतीची गाडी

(उरण येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

२२ सप्टेंबर २०१६ ची सकाळ उरणकर विसरलेले नाहीत. शाळकरी मुलांनी शिक्षकांना सांगितलं, की बंदुका घेतलेली अनोळखी माणसं दिसली. काश्मिरात उरीच्या तळावर हल्ला होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. नौदल आणि पोलीस शोधाला बाहेर पडले, हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली, मुंबईपर्यंतच्या किनाऱ्याला सावधानतेचा इशारा गेला. दुसऱ्या दिवशी उरणच्या शाळांना कुलूप होतं. माणसं काही सापडली नाहीत.

आता कल्पना करावी, की ह्याच उरणमधला एखादा हौशी गाडीवाल्यांचा गट करंजाच्या नौदल तळाच्या फाटकावर अर्ज घेऊन उभा आहे : रविवारी सकाळी चार तास आम्हाला आत गाड्यांची शर्यत भरवू द्या. पहारेकरी हसेल तरी, नाहीतर अर्जदाराचं ओळखपत्र तरी मागेल. पण मंडळी, ह्या अर्जावर हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जगातल्या मोटार शर्यतींच्या काही नामांकित वाटा अशाच फाटकांतून गेल्या आहेत. काही फाटकं उघडली, काही उघडली नाहीत. का उघडली, ह्याचा हिशोब मांडण्यासारखा आहे.

सुरुवात परवानगी न घेतलेल्यांपासून. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन नावाच्या खेड्याजवळ दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्ट्यांच्या कडेनं मेंढ्या चरू लागल्या. सप्टेंबर १९४७ मध्ये डझनभर मित्र आपापल्या गाड्या घेऊन आत शिरले आणि त्यांनी शर्यत लावून टाकली. त्यांच्यातल्या मॉरिस जिओगेगनच्या गाडीखाली एक मेंढी सापडली. मेंढी मेली, गाडीही मोडली. लोकांनी त्या शर्यतीचं बारसं केलं, 'मटण ग्रां प्री'.

पुढल्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं हवाई खात्याकडून ती जागा भाडेपट्ट्यानं घेतली, गवताच्या पेंढ्या आणि दोरखंड लावून वाट आखली आणि २ ऑक्टोबर १९४८ रोजी तिथं ब्रिटिश ग्रां प्री झाली. १३ मे १९५० ला फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत झाली तीही तिथंच; ज्युसेप्पे फारिना जिंकला. मैदान तेच, धावपट्टी तीच. फरक एवढाच, की मेंढी मेली तेव्हा जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं नव्हतं. १९४८ मध्ये भाडेपट्ट्याच्या कागदावर एका संस्थेचं नाव होतं.

गुडवुडची कथा जास्त सभ्य. ससेक्समध्ये रिचमंडच्या ड्यूकच्या जमिनीवर युद्धकाळात वेस्टहॅम्पनेटचा हवाई तळ उभा राहिला होता. तळाभोवती विमानं उभी करायला नेण्याचा एक गोल रस्ता होता. तिथून लढाऊ विमान उडवलेला टोनी गेझ नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक युद्धानंतर ड्यूकला म्हणाला, ह्या रस्त्यावर शर्यत का भरवत नाही? ड्यूक स्वतः जुना शर्यतपटू. १८ सप्टेंबर १९४८ ला तिथं पहिली शर्यत झाली. वाट बांधावी लागलीच नाही. ती विमानांसाठी बांधून तयार होती.

विमानतळच का, ह्याचं उत्तर ह्यातच आहे. गाडी घसरली तर जायला मोकळी जागा लागते. झाड, विजेचा खांब, घराची भिंत मधे येता कामा नये. रुंद, सपाट, पक्की जमीन लागते. सभोवार कुंपण लागतं, म्हणजे गुरं आणि प्रेक्षक मधे येत नाहीत. हे सगळं एका जागी आयतं मिळतं ते फक्त धावपट्टीवर.

अमेरिकेत मात्र रिकाम्या नव्हे, चालू लष्करी तळांची फाटकं उघडली, आणि ती उघडणारा माणूस मवाळ नव्हता. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर आग पाडणाऱ्या विमानांचा सेनापती कर्टिस लेमे युद्धानंतर अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा प्रमुख झाला. अणुबॉम्ब वाहणारी विमानं त्याच्या हाताखाली होती. ह्या कडक सेनानीला वेगवान गाड्यांचा नाद होता. त्याच काळात अमेरिकेतले हौशी स्पोर्ट्स कार क्लब गावातल्या रस्त्यांवर शर्यती भरवत. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि सात वर्षांचं पोर गेलं. रस्त्यावरच्या शर्यतींचे दिवस सरले. क्लबांना जागा हवी होती.

लेमेनं जागा दिली, पण सौदा करून. ऑक्टोबर १९५२ मध्ये जॉर्जियातल्या टर्नर तळावर शर्यत झाली. मग फ्लोरिडातला मॅकडिल, टेक्ससचा बर्गस्ट्रॉम, ओहायोतला लॉकबॉर्न, नेब्रास्कातला ऑफट असे तळ एकामागून एक खुले झाले. प्रेक्षकांच्या तिकिटांचा पैसा जवानांच्या कल्याणासाठी, त्यांच्या राहण्याच्या खोल्या जरा सुखाच्या करण्यासाठी जाई. क्लबाला सुरक्षित वाट मिळाली, तळाच्या प्रमुखाला आपल्या माणसांसाठी काहीतरी मिळालं. आणि तरीही १९५४ च्या पुढं ही मालिका टिकली नाही. जनतेच्या पैशानं बांधलेले तळ खासगी क्लबांच्या हौसेला का, असा प्रश्न थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये उठला. सेनापतीची मर्जी दोन वर्षं पुरली.

भारतात ह्याच्या सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे मद्रासजवळचं शोलावरम. महायुद्धात बांधलेली ती धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. क्लबनं त्या काँक्रीटवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, आणि शोलावरमला जाणं हा मद्रासकरांचा वार्षिक शिरस्ता झाला. पुढे मोठमोठी नावं कमावलेली कितीतरी मंडळी तिथल्या खडबडीत पट्टीवर घडली. पण ती जागा क्लबची कधीच नव्हती. अखेर क्लबनं श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेऊन स्वतःची वाट बांधली. ती १९९० पासून वापरात आहे.

महाराष्ट्रात धावपट्टीवरची शर्यत पाहायची तर लोणावळ्याच्या पुढं अँबी व्हॅलीला जावं लागे. तिथल्या खासगी धावपट्टीवर गेल्या दशकात 'व्हॅली रन' ही सरळ रेषेतल्या वेगाची, पाव मैल अंतराची शर्यत भरत आली. तिथं जायचा रस्ता भुशी धरणाजवळून, आयएनएस शिवाजीच्या फाटकावरून जातो. नौदलाच्या अभियंत्यांना शिकवणारी ही संस्था १९४५ पासून तिथं आहे. म्हणजे वेगाच्या नादानं निघालेला प्रत्येक जण आधी लष्करी फाटकापुढून जायचा आणि मग खासगी फाटकातून आत शिरायचा. कुठलं दार ठोठावायचं हे त्या आयोजकांना बरोबर कळलं होतं.

आता पुन्हा करंजा. उरणमधला नौदलाचा तळ विमानांचा नाही, दारूगोळ्याचा आहे. इथल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. बोरीपाखाडी, केगाव, म्हातवली ह्या बाजूंना 'सेफ्टी झोन' हा शब्द घराघरात माहीत आहे. स्वतःच्या घरावर मजला चढवायचा तरी त्या दोन शब्दांशी गाठ पडते. १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा संरक्षण स्थळांभोवतालच्या बांधकामावर बंधन घालायची मुभा देतो. ह्या सक्तीचा राग येणं स्वाभाविक आहे, पण तिच्यामागची भीती पोकळ नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं, त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी आणि जवान जळून गेले. शेजारच्या घराच्या मजल्याला जिथं हरकत, तिथं पेट्रोलनं भरलेल्या वीस गाड्या आणि बॅकफायरच्या ठिणग्या कोण आत घेईल? करंजाच्या अर्जाचा निकाल अर्ज लिहिण्याआधीच लागलेला आहे.

म्हणून सगळीच लष्करी जमीन बंद, असं मात्र नाही. छावणी क्षेत्रातल्या लष्करी जमिनींची वर्गवारी असते. 'ए-१' म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापरातली. 'ए-२' म्हणजे आज वापरात नसलेली, पण जवानांच्या आरोग्यासाठी आणि शिस्तीसाठी मोकळी राखलेली. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहू रोड, अहमदनगर, औरंगाबाद, देवळाली आणि कामठी अशा सात छावण्या आहेत. अर्ज करायचा तर आधी विचारावं, की ही जमीन कुठल्या वर्गातली, आणि तिचा ताबा कुठल्या अधिकाऱ्याकडं.

हवाई तळांचं गणित आणखी वेगळं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. दोन्हीकडं प्रवासी विमानं लष्कराच्या सोयीनं उतरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोहगावची धावपट्टी डागडुजीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत बंद राहिली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पुण्याची विमानसेवा ठप्प झाली. हजारो प्रवाशांचा जिथं इलाज चालला नाही, तिथं हौशी गाडीवाल्यांनी आपला अर्ज रांगेत कुठं लागेल हे ओळखावं. शिवाय धावपट्टीवर गाडी धावली की खडे, रबराचे तुकडे, एखादा निसटलेला बोल्ट मागं राहतो. २५ जुलै २००० ला पॅरिसला कॉन्कॉर्ड विमान कोसळलं, त्याची सुरुवात आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीनं झाली. हवाई तळांवर माणसं ओळीनं चालत खडे का वेचतात, ते ह्यामुळं.

फाटकाबाहेरही कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर एक वर्ष किंवा दहा हजार. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ २२ किलोमीटरचा तो रस्ता पाहून कुणाचाही पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. वेगमर्यादा मात्र ताशी १०० किलोमीटर, आणि दुचाकीला तर प्रवेशच नाही.

ज्यांनी सरकारलाच सोबत घेतलं त्यांचीही दमछाक झालेली आहे. चेन्नईत रस्त्यावरची रात्रीची फॉर्म्युला फोर शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती. मिचाँग चक्रीवादळानं ती लांबली. उच्च न्यायालयात याचिका झाल्या. ३१ ऑगस्ट २०२४ चा दिवस उजाडला तरी जागतिक मोटार महासंघाचं सुरक्षा प्रमाणपत्र हातात नव्हतं. न्यायालयानं दिलेली मुदत तासातासानं पुढं सरकत राहिली. गाड्या उभ्या, प्रेक्षक बसलेले, आणि सगळे वाट पाहताहेत ती एका कागदाची. संध्याकाळी तो आला.

परवानगीचा हा खेळ रायगडच्या किनाऱ्याला नवा नाही. बैलगाडीच्या शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना वाट मोकळी झाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला. मधल्या सात वर्षांत परंपरेची भाषणं पुष्कळ झाली, पण कामाला आले ते नियम : जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, धावेच्या लांबीची मर्यादा, बैलांची तपासणी, आणि काही बिघडलं तर जबाबदार आयोजक कोण ह्याची नोंद. गाडीवानांनी ते शिकून घेतलं. मोटारवाल्यांना ते धडे इथल्याच किनाऱ्यावर मिळतील.

मग हौशी माणसानं मागावं तरी काय? 'शर्यत' ह्या शब्दानं सुरुवात करू नये, हे पहिलं. जगभर हौशी लोक जे करतात त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. मोकळ्या डांबरी जागेत रबराचे शंकू मांडून वाकडीतिकडी वाट आखतात. एका वेळी सहसा एकच गाडी सुटते, झुंज घड्याळाशी असते. वळणं इतकी जवळ ठेवतात, की घरची साधी गाडीही चालते आणि वेग फार चढत नाही. चूक झाली तर शंकू उडतो आणि वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात.

अशा कार्यक्रमाच्या अर्जात देशाच्या मोटार क्रीडा महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची मान्यता जोडावी. नोंदणी झालेल्या एका संस्थेचं नाव असावं, विम्याची प्रत, रुग्णवाहिका, आग विझवायची साधनं, चालकांच्या हेल्मेटची तपासणी कोण करणार त्याचं नाव. आत येणाऱ्या प्रत्येकाची यादी ओळखपत्रासह आगाऊ द्यावी, कॅमेरे आणि ड्रोन बाहेर ठेवू असं आपणहून लिहावं. तिकिटाचा पैसा जवानांच्या कल्याण निधीला, आणि तळावरच्या जवानांना व त्यांच्या मुलांना आपापल्या गाड्या घेऊन भाग घ्यायची मुभा. लेमेच्या सौद्यातला हा भाग आजही शिळा झालेला नाही.

अर्जाच्या शेवटी वेळापत्रक येतं. सकाळी सहाला आत, साडेदहाला शेवटची गाडी. त्यानंतरचा एक तास रिकामा सोडावा आणि त्यापुढं काम लिहावं : सर्व स्पर्धकांनी एका ओळीत चालत, वाकून, डांबरावरचा खडा न् खडा वेचायचा आणि पोतं भरून सोबत न्यायचं.