हिरवळ कापणी : अल्प भांडवलाचा स्वयंरोजगार



स्वयंरोजगाराचा विषय निघाला की किराणा दुकान, दुग्धव्यवसाय व शिवणयंत्र यांपलीकडे दृष्टी सहसा जात नाही. परंतु शाळांची क्रीडांगणे, रुग्णालयांची आवारे, गृहनिर्माण संस्थांच्या बागा व फळबागा येथील गवत नियमित कापून देणे, हाही बेताच्या भांडवलात सुरू होणारा व्यवसाय आहे. हिरवळ कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० साली तयार केले. त्या यंत्राचे आजचे रूप ग्रामीण तरुणालाही सहज हाताळता येते.

नवख्याने आधी परिसरातील कामांची पाहणी करावी व मगच यंत्र घ्यावे. सपाट हिरवळीसाठी चाकांचे यंत्र योग्य. बांध, उतार व उंच गवत यांसाठी खांद्याला अडकवावयाचे यंत्र उपयोगी. टू-स्ट्रोक इंजिनात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पेट्रोलमध्ये तेल मिसळावेच लागते. नुसत्या पेट्रोलवर ते निकामी होते.

हरळीसारखे गवत एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. चार सेंटिमीटर राखावयाचे असल्यास ते सहा सेंटिमीटर होताच कापावे. पाते बोथट असल्यास गवताची टोके फाटून पिवळी पडतात. काम सुरू करण्यापूर्वी दगड व तारा वेचाव्यात. चष्मा व बूट वापरावेत. पावसाळ्यात दाट गवतात सर्प असण्याचा संभव ध्यानी घ्यावा. शाळेच्या आवारातील काम मुले नसतानाच करावे.

व्यवसाय बुडतो तो बहुधा हिशेबात. नवखा केवळ पेट्रोलचा खर्च धरून दर सांगतो. समजा, यंत्राची किंमत १५,००० रुपये असून ते ६०० तास चालणार असेल, तर तासाला २५ रुपये केवळ झिजेपोटी जातात. त्यात इंधन, पाते, प्रवास व स्वतःची मजुरी मिळविल्यावरच खरा दर ठरतो. शिवाय गवत जोमाने वाढते ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात पाण्याअभावी काम घटते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून वार्षिक करार करावेत आणि कुंपणाची छाटणी, पालापाचोळ्याचे खत यांसारखी जोडकामे हाती ठेवावीत.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. शिक्षकांनी होतकरू तरुणांना हिशेबाची वही ठेवावयास शिकवावे. पंचायतींनी काम लेखी द्यावे आणि देयक वेळेवर चुकते करावे. रखडलेले एक देयक अशा तरुणाचा पुढील हप्ता चुकवू शकते. वेळेवर मिळालेले देयक त्याला गावातच स्वतःच्या पायावर उभे करते.