मोजणारा आणि उचलणारा

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात हॅरी बेलाफॉन्टेच्या मैफलीची रेकॉर्ड ऐकवून झाल्यावर केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)



आत्ता ऐकवलेल्या गाण्यांवर तुमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, ती मी पाहिली. एकजण तर कानाशी येऊन म्हणाला, 'यार, हे केळ्याचं गाणं म्हंजे नुसता टाइमपास. पोरं ह्याच्यावर वेडंवाकडं नाचतात. ह्याच्यासाठी आमचा रविवार का खाल्लास?' दुसरा म्हणाला, 'अमेरिकेतला पैसेवाला गवई, समोर सुखवस्तू पब्लिक, टाळ्यांवर टाळ्या. ह्यात आपलं काय?'

दोघांचंही खरंय. म्हणूनच बोलायला उभा राहिलो. ज्या गाण्यात आपलं रक्त आटलंय तेच गाणं लोकांना टाइमपास वाटतं, हे कसं होतं, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी माणूस कोण ते सांगतो. हॅरी बेलाफॉन्टे जन्मला १ मार्च १९२७ ला, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. आई जमैकाची, लोकांच्या घरची कामं करणारी. लहानपणाची काही वर्षं जमैकात गेली. शाळा अर्धवट सुटली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. परत आल्यावर इमारतींमध्ये झाडलोट-दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताखाली राबला. एका भाडेकरूनं बक्षिसी म्हणून काळ्या लोकांच्या एका नाटकाचं तिकीट दिलं आणि झाडूवाला रंगभूमीच्या नादाला लागला. १९५६ साली त्याची 'कॅलिप्सो' ही रेकॉर्ड आली. एकट्या गायकाची दहा लाखांवर खपलेली पहिली लाँग प्ले रेकॉर्ड म्हणून तिचं नाव घेतात. तिचं पहिलंच गाणं हे केळ्याचं, 'डे-ओ'. २५ एप्रिल २०२३ ला तो गेला, शहाण्णव वर्षांचा होऊन.

आपण ऐकली ती रेकॉर्ड १९९७ ची. 'ॲन ईव्हनिंग विथ हॅरी बेलाफॉन्टे अँड फ्रेंड्स'. न्यूयॉर्कजवळ पर्चेस इथल्या विद्यापीठाच्या थिएटरात भरलेली मैफल. माणूस सत्तरीला टेकलेला. गळ्यातला मध संपून खरखर उरलेली. आणि चाळीस वर्षांपूर्वीचं तेच गाणं तो परत म्हणतोय.

आता गाणं काय आहे ते ऐका. मी गोदीत ओझी उचलतो, म्हणून मला ते तुमच्याआधी कळलं. त्यात माझी हुशारी नाही.

जमैकाच्या बंदरात केळ्याचे घड बोटीवर चढवायचे काम रात्रीचं चालायचं. दिवसाच्या उन्हात माल खराब होतो. माणूस खराब झाला तर चालतो. घड डोक्यावर घ्यायचा, बोटीकडे पळायचं, टाकायचा, परत यायचं. ह्या पळणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. वाटेवर एक माणूस उभा. तो टॅलीवाला. घड मोजणारा. त्यानं मोजलं तर मजुरी, नाही मोजलं तर घाम फुकट. गाण्यातला कामगार रात्रभर उचलून थकलाय, उजाडलंय, तो टॅलीवाल्याला विनवतोय की बाबा, माझा माल मोज आणि मला घरी जाऊ दे. बस्स. एवढंच गाणं आहे. ह्यात टाइमपास कुठं आहे, मला दाखवा.

आमच्या गोदीतही मोजणारा उभा असतो आणि उचलणारा वाकलेला. मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या टोळीनं उतरवलेल्या गोणी आणि कागदावरचा आकडा जुळेना. आमच्या हिशेबानं गोणी जास्त, कागदावर कमी. कागद जिंकला. पहाटे भिजलेल्या अंगानं आम्ही ठेकेदाराच्या माणसासमोर उभे. तो म्हणाला, 'लिहिलंय तेच खरं.' त्या पहाटे हे गाणं मला पहिल्यांदा ऐकू आलं, तोपर्यंत मीही त्यावर पाय हलवत होतो.

मग हे गाणं करमणूक कसं झालं? बघा, त्याची वाट अशी आहे. बंदरावरच्या लोकांनी ते राबता राबता रचलं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ओढायची. १९५२ साली त्रिनिदादच्या एड्रिक कॉनर ह्या गायकानं त्याचं एक रूप रेकॉर्ड केलं. मग बेलाफॉन्टे, आयर्व्हिंग बर्गी आणि विल्यम ॲटवे ह्यांनी मिळून १९५६ चं रूप बांधलं. हे तिघे काही उपरे नव्हेत. बर्गीची आई बार्बाडोसची. ॲटवे तर मिसिसिपीत जन्मलेला कादंबरीकार, दक्षिणेतनं पोलादाच्या कारखान्यांत राबायला गेलेल्या काळ्या भावांवर त्यानं १९४१ साली 'ब्लड ऑन द फोर्ज' लिहिली. म्हंजे कामगाराचं दुःख ठाऊक असलेले लोक. पण रेकॉर्डवर गीतकार म्हणून नावं छापली ती ह्यांची. ज्या बाईनं डोक्यावर घड घेऊन पहिली ओळ फेकली असेल, तिचं नाव कुठंच नाही. आवाजही पुरुषाचा. ती मोजलीच गेली नाही.

बाजारानं त्यावर आणखी कडी केली. जमैकाच्या ह्या संगीताला मेन्टो म्हणतात. कॅलिप्सो त्रिनिदादचं. बाजाराला काय पडलंय? सगळ्यावर 'कॅलिप्सो' असं लेबल डकवलं आणि बेलाफॉन्टेला 'कॅलिप्सोचा राजा' करून टाकलं. त्रिनिदादमध्ये हा किताब स्पर्धेत उतरून जिंकावा लागायचा. तिथले शाहीर बिथरले, ते बरोबरच. बेलाफॉन्टेनं स्वतः तो किताब मिरवला नाही, हेही सांगायला पाहिजे. पुढं १९८८ साली 'बीटलजूस' नावाच्या सिनेमात भुतं श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर हेच गाणं घुसवतात, पाहुणे नाचतात, लोक हसतात. गोदी गेली, रात्र गेली, टॅलीवाला गेला. उरली फक्त चाल.

इथं थांबलो असतो तर मीही तुमच्यासारखं नाक मुरडून रेकॉर्ड बंद केली असती. पण पैशाचा हिशेब बघा.

त्या रेकॉर्डच्या कमाईवर उभा राहिलेला हा माणूस मार्टिन ल्यूथर किंगच्या पाठीशी राहिला. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या लढ्यात लोक तुरुंगात गेले तेव्हा जामिनाचा पैसा उभा करणाऱ्यांत तो होता. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी पोरं राबत होती. चेनी, गुडमन, श्वेर्नर ह्या तिघांचा खून पडला होता. पोरांकडचा पैसा संपलेला. तेव्हा बेलाफॉन्टे आणि नट सिडनी पॉइटिए सत्तर हजार डॉलर रोख घेऊन ग्रीनवुडला गेले. विमानतळावरून निघाल्यावर क्लॅनवाल्यांच्या गाड्या त्यांच्या मागं लागल्या. सिनेमातले हिरो आपण खूप पाहिलेत. सार्वजनिक कामाला चेक फाडणारेही पाहिलेत. पैशाबरोबर स्वतःचं मुंडकं घेऊन जाणारे किती पाहिलेत?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ह्या चळवळीतल्या पोरांनी केली. त्यांनी 'डे-ओ'ची चाल उचलली, शब्द टाकून दिले आणि त्या जागी स्वातंत्र्याचे शब्द घातले. तुरुंगात आणि सभांमध्ये ते गायले. आता सांगा, ह्यात आपलं काय? अरे, आपलंच सगळं आहे! सिनेमाची चाल घ्यायची आणि तिच्यावर बाबासाहेब बसवायचे, हे आपल्या गल्लीतली गायनपार्टी किती वर्षं करतेय. पांढरपेशे त्याला उसनवारी म्हणून हसतात. मिसिसिपीच्या पोरांनी तेच केलं. बाजारानं आपल्याकडनं नेलेलं त्यांनी परत आणलं. आपल्या आधीच्या पिढीनं १९७२ साली चळवळीला नाव दिलं तेही ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरनं. ती ओळख नुसत्या नावाची नव्हती.

आता परत १९९७ च्या मैफलीकडे या. प्रत्यक्ष मैफलीची रेकॉर्ड आणि स्टुडिओतली रेकॉर्ड ह्यांत फरक काय? स्टुडिओत ओढणारा कोरस पगारी असतो. मैफलीत तो पब्लिकचा असतो. पॉल रोबसननं बेलाफॉन्टेला तरुणपणी एक गोष्ट शिकवली होती, ती तो जन्मभर सांगत राहिला. लोकांना आपलं गाणं गायला लाव, म्हंजे तू कोण हे जाणून घ्यायची त्यांना गरज पडेल. १९५९ च्या एप्रिलमध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यानं 'मटिल्डा' हे गाणं अकरा मिनिटं चालवलं. हॉलमधल्या एकेका गटाला गायला लावलं, चिडवलं, परत गायला लावलं. १९९७ लाही तेच. आरामखुर्चीतला माणूस सत्तरीच्या म्हाताऱ्यामागं ओरडतो, तेव्हा नकळत तो जमैकाच्या गोदीतल्या कामगाराची ओळ ओरडत असतो.

पण नुसतं ओरडून तो तिथला होत नाही. हे बेलाफॉन्टेलाही ठाऊक असावं. कारण त्याच रेकॉर्डवर, लाडक्या जुन्या गाण्यांच्या मध्ये, त्यानं 'पॅराडाइज इन गझनकुलू' ठेवलंय. गझनकुलू म्हंजे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेनं काळ्यांना ढकलायला आखलेला एक तुकडा. नाव स्वर्गाचं, जागा गावकुसाबाहेरची. हे गाणं त्याच्या १९८८ च्या रेकॉर्डमधलं, दक्षिण आफ्रिकेच्या वादकांबरोबर केलेलं. म्हाताऱ्या गवयाकडनं लोकांना जुन्या आठवणी पाहिजे असतात. ह्यानं आठवणी दिल्या, पण सोबत बिलही ठेवलं. मला ह्या रेकॉर्डमधलं हे आवडतं. म्हातारपणी माणूस मऊ होतो, पब्लिकला सांभाळून घेतो. हा तसा झाला नाही.

तरी माझं भांडण संपत नाही. पैसा परत गेला, नाव परत गेलं नाही. हिशेब अर्धाच झाला.

ह्या बाबतीत आपल्याकडं एक हत्यार आहे आणि आपण ते बोथट करून टाकलंय. नाममुद्रा. चोखोबाच्या अभंगाच्या शेवटी 'चोखा म्हणे' असतं. चोखोबानं देवापुढं जी लाचारी केली तिच्याशी आपलं भांडण आहे, राहील. पण मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंतीखाली चिरडून मेलेल्या त्या मजुराचं नाव आज सातशे वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यानं ते गाण्यातच कोरून ठेवलं. वामनदादा कर्डकांनी तेच केलं. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. हा मोठेपणा मिरवायचा प्रकार नाही. ही टॅली आहे. माझा माल मोज, माझ्या नावावर मोज.

आणि आपण काय करतो? जयंतीला डीजे लावतो. मुखडा आणि एक कडवं वाजवतो, शेवटचं कडवं येण्याआधी पुढचं गाणं लावतो. म्हंजे नाव कापतो. दुसऱ्या कुणा भांडवलदारानं नाही, आपणच. वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी तोंडपाठ असलेल्या किती पोरांना ती वामनदादांची आहेत हे ठाऊक आहे? हात वर करा. (तिघांनी केले.)

मीही ह्यात धुतल्या तांदळासारखा नाही. आमच्या टोळीत एक म्हातारा होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. जड माल ओढताना तो जागेवर ओळी जुळवायचा, मुकादमाला शिव्या आणि बाबासाहेबांना सलाम एकाच दमात. आम्ही मागनं ओढायचो. माझ्या दोन कवितांची लय सरळ त्याच्याकडनं उचललेली आहे. त्या ह्याच अंकवाल्यांनी छापल्या, खाली माझं नाव. मामा दोन वर्षांपूर्वी गेला. हे भाषण लिहायला बसलो आणि मामाचं पूर्ण नाव लिहायचं म्हटलं, तर मला ते ठाऊकच नव्हतं. टोळीतल्या चौघांना विचारलं. कुणालाच नाही. जमैकाच्या त्या बाईचं नाव छापलं नाही म्हणून मी रेकॉर्ड कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतो. इथं मामाच्या बाबतीत टॅलीवाला मीच होतो आणि मी मोजलं नाही.

तेव्हा टाळ्या नकोत, काम सांगतो. तुमच्या प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, एखादी म्हातारी आहे, एखादा म्हातारा आहे. गायनपार्टीत गायलेला, मोर्चात ओळी रचलेला, जात्यावर भीमाच्या ओव्या म्हटलेली. मोबाइल सगळ्यांकडे आहे. पुढच्या बैठकीला येताना एक गाणं भरून आणा. पूर्ण आणा, शेवटच्या कडव्यासकट. आणि गाण्याआधी त्यांना स्वतःचं नाव, गाव, कुठं राबले ते सांगायला लावा. ते राहिलं तर गाणं आणू नका, परत जाऊन विचारून या.

मी मामाच्या पत्त्यावर त्याच्या पोरीला भेटायला जाणार आहे. आणि यंदाच्या जयंतीला डीजेपाशी मी उभा राहीन. शेवटचं कडवं कापलं तर वायर ओढीन, मग भांडण झालं तरी चालेल.

जयभीम.