कैफियत म्हणजे नुसता नकार नव्हे



भांडगावसारख्या गावी दिवाणी वादाचा उगम बहुधा बांधात असतो. दौंड तालुक्यात कालव्याचे पाणी आले, ऊस उभा राहिला, पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव चढले. आणि ज्या हातभर बांधाकडे पूर्वी कोणी पाहत नव्हते, त्याला मोल आले.

समजा, दोन एकरांवर गुजराण करणाऱ्या एका विधवेच्या शेतात शेजारच्या बागाईतदाराने बांध सरकवून चार गुंठे दाबले. ती बोलू लागताच तोच आधी न्यायालय गाठतो आणि आपल्या वहिवाटीस तिची हरकत होते, असे सांगून मनाई हुकूम मागतो. बेलिफ समन्स घेऊन तिच्या दारी येतो. ज्याने घेतले तो वादी ठरतो. जिचे गेले ती प्रतिवादी होते.

तिच्या वतीने लेखी कैफियत दाखल होते : वादीचे म्हणणे खोटे आहे, दावा खर्चासह फेटाळावा. वर्षे जातात, दावा फेटाळला जातो, घरात पेढे वाटले जातात. पण बांध मात्र जिथे सरकवला होता तिथेच राहतो! न्यायालयाने वादीला मागितलेले दिले नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. बाईने आपले चार गुंठे मागितलेच नव्हते. आणि न मागितलेले न्यायालय सहसा देत नाही. शिवाय मालकी हक्कावर ताबा मागण्याची मुदत १२ वर्षांची. प्रतिकूल कब्जाची ती वर्षे तिच्या विरुद्ध चालूच असतात.

यावरील उपाय म्हणजे प्रतिदावा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून आठव्या आदेशात नियम ६-अ आला. त्यान्वये प्रतिवादीला त्याच दाव्यात वादीविरुद्ध आपली मागणी मांडता येते. प्रतिदावा हा वादपत्रासारखाच मानला जातो. त्यात घटना, मिळकतीच्या चतुःसीमा आणि नेमकी मागणी नमूद करावी लागते. मूल्यांकन करून कोर्ट फी भरावी लागते. वादीलाही त्यावर कैफियत देता येते. मुख्य म्हणजे, वादीने उद्या आपला दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालूच राहतो.

मात्र वेळेला फार महत्त्व आहे. कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस. कारणे देऊन ती ९० दिवसांपर्यंत वाढते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अगदीच लवचीकताहीन नाही असे म्हटले, पण त्या अपवादावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. प्रतिदाव्याचे कारण कैफियत देण्यापूर्वी, किंवा ती देण्याची मुदत संपण्यापूर्वी, घडलेले असावे लागते. मुद्दे निघाल्यानंतर प्रतिदावा सामान्यतः घेता येत नाही, असा निर्णय २०१९ साली झाला. मुदतीच्या कायद्याने प्रतिदावा ज्या दिवशी न्यायालयात मांडला, त्याच दिवशी तो दाखल झाला असे धरले जाते. वादीच्या दाव्याची तारीख त्याच्या उपयोगी पडत नाही.

कैफियतही मोघम चालत नाही. वादपत्रातील जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही, ते कबूल समजले जाते. ‘सर्व मजकूर नाकबूल’ एवढ्याने भागत नाही. सात-बाराची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. सरकत्या बांधासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. आणि प्रतिवादी कूळ असेल तर कुळाचा हक्क कैफियतीत सांगितलाच पाहिजे. १९४८ च्या कूळकायद्यानुसार तो प्रश्न दिवाणी न्यायालय स्वतः ठरवत नाही, मामलेदाराकडे पाठवते. पण प्रश्न उपस्थित झाला तरच.

पैशाअभावी हे सारे अशक्य होऊ नये, यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. पण तीस दिवसांतले पहिले दहा गावातल्या मध्यस्थीच्या आशेवर आणि पुढचे दहा वकिलाच्या फीची जुळवाजुळव करण्यात गेले, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्याने समन्स हाती पडताच दोन प्रश्न विचारावेत : वादी काय मागतो, आणि आपले काय गेले आहे? पहिल्याचे उत्तर कैफियतीत द्यावे, दुसऱ्याचे प्रतिदाव्यात. केवळ पहिलेच दिले, तर बाई खटला जिंकते आणि जमीन हरते.