रंग बदलला, तेव्हा काय गेलं?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्याविषयी बोलण्याची प्रथा आहे. मी चित्रकथेतल्या माणसांच्या रंगाविषयी बोलणार आहे. हा विषय मुलांचा आणि म्हणून दुय्यम, असं कुणाला वाटेल. मला तो तसा वाटत नाही. माणूस कोणाला नायक मानतो, हे बहुधा लहानपणीच ठरत असतं.

गेली काही वर्षं चित्रपट पाहणाऱ्यांत एक भांडण चालू आहे. कॉमिकमध्ये गोरं असलेलं पात्र पडद्यावर कृष्णवर्णीय नटाने करावं का? निक फ्यूरी १९६३ साली गोरा होता. २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून तो सॅम्युअल जॅक्सन आहे. २०११च्या ‘थॉर’मध्ये हेमडाल इद्रिस एल्बाने केला, २०१५च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये जॉनी स्टॉर्म मायकल बी. जॉर्डनने केला. तेव्हा ओरड झाली ती ‘मूळ पात्राशी प्रतारणा’ अशी. आपल्याकडचे तरुणही या वादात हिरिरीने उतरतात. त्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की त्या पात्राचा रंग गोष्टीत काही काम करत होता का? फ्यूरी हेरखात्याचा प्रमुख आहे. त्याच्या गोरेपणावर कथेचा एकही प्रसंग उभा नाही. मग तो बदलला म्हणून गेलं काय?

आता उलट बाजू पाहा. २०१६च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये तिबेटी गुरूच्या जागी गोरी केल्टिक स्त्री आली. हिमालयातली विद्या शिकवणारा हिमालयातला माणूसच गोष्टीतून गेला. इथे रंगाबरोबर एक अख्खा प्रदेश पुसला गेला.

आपल्या घरचं उदाहरण याहून बोचरं आहे आणि ते कॉमिकमधलं नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २०१६चा. करमाळ्याकडचा परश्या मासे धरणाऱ्या घरातला, खालची ठरवल्या गेलेल्या जातीतला. आर्ची पाटलाची लेक. त्यांच्या प्रेमाचं पुढे जे होतं ते या एका अंतरामुळे होतं. २०१८ साली ‘धडक’ या चित्रपटाने ती गोष्ट उदयपूरला नेली आणि परश्याचा मधुकर बागला झाला. गाव बदललं, भाषा बदलली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोष्टी प्रवास करतातच. पण तिथे जात जेमतेम उच्चारली जाते आणि तिची जागा घेते मुलीच्या बापाची श्रीमंती नि निवडणूक. शेवटी आघात मात्र तिथेही आहे. ज्या कारणाने तो होतो ते कारण काढून घेतल्यावर उरतं ते फक्त रक्त. गोष्टीचा कणाच काढून घेतला तो असा.

कणा राखूनही बदल करता येतो. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ साली पडद्यावर आला तेव्हा शाळकरी पोराचा वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारा तरुण झाला होता. वय गेलं, पण चौकसपणा राहिला, म्हणून फेणे फेणेच राहिला.

माझ्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्स वाचली. १९६४ साली ती सुरू झाली आणि ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला. पिढ्यान् पिढ्या जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण करणारा एक गोरा पुरुष! आम्ही त्याला आपला मानला. त्याच्या बेंगाल्ला देशाचं नाव इंद्रजालने डेंकाली केलं, पण रक्षण करणारा कोण आणि रक्षण कोणाचं, हे कोणी बदललं नाही. त्याच फॉकच्या जादूगार मॅन्ड्रेकचा सोबती लोथार. हा आफ्रिकेतला राजपुत्र, पण १९३४ साली त्याच्या अंगावर कातडं होतं, डोक्यावर फेझ टोपी होती आणि तोंडी मोडकी इंग्रजी. १९६५च्या सुमारास फ्रेड फ्रेडरिक्स त्या मालिकेची चित्रं काढू लागले. पुढे लोथार नीट कपड्यांत दिसू लागला, नीट बोलू लागला. कातडीचा रंग तोच राहिला, मान मात्र वाढला. मला हा बदल निक फ्यूरीच्या बदलाहून मोठा वाटतो.

हे मी नालासोपाऱ्यात बोलतो आहे, याला कारण आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकलला, तेव्हा करंडकाभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या सापडल्या. सोपाऱ्याचं हे जुनं बंदर दूरदेशच्या व्यापाऱ्यांना ओळखत होतं. आज याच गावात, पूर्वेला प्रगतीनगर भागात, आफ्रिकेतून आलेली माणसं राहतात. त्यांच्यातल्या काहींवर गुन्हे दाखल झाले, हे खरं. पण भाजी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाकडे आपण त्याच संशयाने बघतो, तेही खरं. आमच्या डोक्यात कातड्यातला लोथार बसलेला आहे आणि तो पोलिसांनी बसवलेला नाही.

याहून वेगळी वाटही आहे. २०२३ साली ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट मराठीतही आला. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे. २००४च्या कॉमिकमध्ये तो पीटर पार्करचं भाषांतर होता. नावंसुद्धा आवाजाला आवाज जुळवून घेतलेली. चित्रपटात तो स्वतःच्या शहराचा अभिमान असलेला, पाहुण्यांना सुनावणारा स्वतंत्र मुलगा झाला. पात्र रंगवून घेण्यापेक्षा नवं पात्र उभं करणं श्रेयस्कर, असं मला त्याच्याकडे पाहून वाटलं.

पण तो मुलगाही मराठी पुस्तकातून आलेला नाही. आपण काय करतो? आपल्या बालपुस्तकांच्या हस्तलिखितांत मुलाचा रंग सहसा लिहिलेला नसतो. चित्रकार सवयीने गुलाबी छटा भरतो, लेखक मुद्रितं तपासताना शुद्धलेखन बघतो आणि चित्रावरून पान उलटतो. आचोळ्याच्या चाळीतली, विरार फास्टमध्ये लोंबकळणारी, वसईच्या वाडीतली, सामवेदी बोली बोलणारी मुलं त्या पुस्तकात स्वतःला शोधतात आणि सापडत नाहीत.

म्हणून इथे बसलेल्या लेखकांना माझी विनंती आहे. चित्रकाराला हस्तलिखित देताना नायिकेचा रंग, तिचं आडनाव आणि ती कोणत्या गल्लीत राहते, हे समासात लिहून द्या. आणि दुपारच्या बालसाहित्याच्या परिसंवादात वक्त्यांच्या रांगेत एक खुर्ची चित्रकारासाठी ठेवा.