लहान मुलांच्या डोक्यांतील उवा : त्या पुन्हां पुन्हां कां होतात ?

सुशिक्षित घरांत ज्या गोष्टी हलक्या आवाजांत बोलल्या जातात, त्यांत मुलांच्या डोक्यांतील उवांचा क्रम बराच वरचा आहे. गोंवर, कांजिण्या, डांग्या खोकला यांची वार्ता शेजारीं सांगण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. परंतु मुलीच्या वेणींत ऊ सांपडली म्हणजे आईचा चेहरा उतरतो, दार लोटून घेऊन औषध लावलें जातें, आणि शाळेंत कोणापाशीं बोलूं नकोस अशी मुलीला ताकीद मिळते. दोन दिवस डोकें शांत राहतें व घरांत सर्वांना हायसें वाटतें. मग तीन-चार आठवडे जातात, मुलगी पुन्हां कानामागें खाजवूं लागते, आणि औषध खोटें, शाळा घाणेरडी किंवा मोलकरणीची पोर कारणीभूत, यांपैकीं एक निकाल घरांत लागतो. हे तीनही निकाल बहुधा घाईचे असतात. उवा परत दिसतात याचें कारण पुष्कळदां उवेच्याच आयुष्यक्रमांत असतें.

ऊ हा तिळाएवढा, बिनपंखी प्राणी आहे. तिला उडतां येत नाहीं, पिसवेसारखी उडीही मारतां येत नाहीं. तिला फक्त चालतां येतें. सहा पायांच्या टोंकांना आंकड्यासारखी नखें असतात व तीं केंसाला घट्ट पकडतात. डोक्याच्या कातडींतील रक्तावर ती जगते आणि दिवसांतून अनेकदां तें पिते. पूर्ण वाढलेली मादी दिवसाला सहा ते दहापर्यंत अंडीं घालते. हीं अंडीं म्हणजेच लिखा. अंड्याला डोक्याची ऊब हवी असते, म्हणून मादी तें केंसाच्या अगदीं मुळाशीं चिकटवते, आणि त्यासाठीं वापरलेला डिंक असा चिवट असतो कीं शिकेकाई, साबण, कढत पाणी यांपैकीं कशालाही तो दाद देत नाहीं. अंडें साधारण सात ते दहा दिवसांत फुटतें. बाहेर आलेलें पिलूं नऊ ते बारा दिवसांत वयांत येतें. पुढें महिनाभर तें जगतें व अंडीं घालीत राहतें.

आतां समजा कीं एका रविवारीं औषध लावलें. चालत्याफिरत्या उवा मेल्या. परंतु पर्मेथ्रिनसारख्या नेहमींच्या औषधांनीं सर्वच लिखा मरत नाहींत. शनिवारीं रात्रीं घातलेलें अंडें जसेंच्या तसें राहतें आणि पुढील आठवड्यांत केव्हां तरी निवांतपणें फुटतें. घरच्यांना हें पिलूं दिसत नाहीं, कारण तें फार बारीक असतें. त्याची मादी होऊन तिनें अंडीं घालीपर्यंत तीन आठवडे होत आलेले असतात. तेव्हां जी ऊ दिसते ती कोठून बाहेरून आलेली असेलच असें नाहीं. ती त्याच डोक्यांत, त्याच रविवारीं, औषधाच्या वेळीं हजर असूं शकते!

म्हणून दुसऱ्यांदा औषध लावण्याच्या दिवसाला महत्त्व आहे. तें दुसऱ्या दिवशीं लावून उपयोग नाहीं, कारण लिखा अजून फुटलेल्या नसतात. महिन्यानें लावूनही उपयोग नाहीं, कारण नवी पिढी अंडीं घालून मोकळी झालेली असते. नवव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे रविवारीं आरंभ केला असल्यास पुढच्या आठवड्यांतील मंगळवारीं, बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि त्यांतून निघालेलीं पिलें अद्याप वयांत आलेलीं नसतात. बऱ्याच औषधांच्या बाबतींत हाच दिवस योग्य; वेष्टनावर अथवा डॉक्टरांनीं निराळा सांगितला असेल तर तो पाळावा. कित्येक घरांत पहिल्या दिवशीं अत्यंत उत्साह असतो आणि नवव्या दिवसाची आठवण कोणालाच राहत नाहीं. भिंतीवरील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहितात, तशी ही तारीखही लिहून ठेवली तर काम होतें.

औषधापेक्षांही जुना उपाय फणीचा. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननांत २०१६ सालीं एक लहानशी हस्तिदंती फणी मिळाली. तिच्यावर कोरलेलीं पुसट अक्षरें पुढें वाचलीं गेलीं व २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं. केंसांतील व दाढींतील उवा या दांतानें उपटून निघोत, अशा आशयाचें तें वाक्य असून वर्णलिपींत लिहिलेल्या अगदीं जुन्या पूर्ण वाक्यांत त्याची गणना होते. फणीचें वय सुमारें ३,७०० वर्षें. तिच्या एका बाजूस गुंता सोडविण्यासाठीं विरळ दांते, दुसऱ्या बाजूस उवा काढण्यासाठीं दाट दांते ! महाराष्ट्रांत पूर्वीं दुपारचीं कामें उरकल्यावर ओसरीवर एकीच्या पाठीशीं एक बसून बायका जी फणी चालवीत, तिच्याशीं या फणीचें नातें सहज पटतें. त्या ओसरीवर कोणी हिशेब मांडीत नसे. पण फणी नेहमीं फिरत असल्यामुळें पिलें वयांत येण्याआधींच निघून जात. सात वाजतां शाळेची गाडी गांठावयाची असली म्हणजे फणीला सवड उरत नाहीं, आणि जाड दांत्यांचा कंगवा उवेला हुसकावूंही शकत नाहीं.

फणी फिरवावयाची ती ओल्या किंवा तेल लावलेल्या केंसांतून. कोरड्या केंसांत ऊ चपळाईनें पळते. ओल्या अगर तेलकट केंसांत तिची गति मंदावते. आधीं जाड दांत्यांच्या कंगव्यानें गुंता काढावा, मग एकेक बारीक बट हातांत घेऊन फणीचे दांते डोक्याच्या कातडीला टेकवावेत व टोंकापर्यंत ओढावेत. प्रत्येक वेळीं फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी, म्हणजे काय निघालें तें दिसतें. कानामागचा भाग व मानेवरील केंस यांकडे विशेष लक्ष द्यावें. लांब केंसांच्या मुलीस यास चांगला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तिला गोष्ट ऐकावयास मिळाली तर ती कुरकुरत नाहीं. दर तीन-चार दिवसांनीं, निदान दोन आठवडे हें चालवावें, आणि लागोपाठ तीन वेळां एकही जिवंत ऊ निघाली नाहीं म्हणजे थांबावें. अगदीं लहान मुलांत, जेथें औषध लावावयास मन धजत नाहीं, तेथें हा उपाय विशेष सोयीचा. मूल दोन वर्षांच्या आंतील असल्यास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध लावूंच नये.

लीख दिसली म्हणजे ऊ आहेच असेंही नव्हे. कोंडा बोटानें सरकतो, लीख सरकत नाहीं, एवढी खूण पुरेशी आहे. केंस महिन्यास साधारण एक सेंटिमीटर वाढतो; तेव्हां कातडीपासून एक सेंटिमीटरहून अधिक दूर असलेली लीख बहुतेक रिकामी किंवा मेलेली असते. तिच्यासाठीं पुन्हां औषध चोपडण्याचें कारण नाहीं. जिवंत ऊ दिसली तरच उपचार.

घरगुती उपायांपैकीं कांहीं मात्र उवेपेक्षां भयंकर आहेत. घासलेट चोळल्यानें कातडी भाजते, आणि जवळ चूल किंवा देवापुढचें निरांजन असलें तर काय होईल तें सांगावयास नको. सीताफळाच्या बियांची पूड महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं लावतात. ती डोळ्यांत गेली तर बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होते. खोबरेल तेलांत कापूर घालण्याची चाल आहे. पण कापूर लहान मुलाच्या पोटांत गेल्यास झटके येऊं शकतात. शेतावरील कीटकनाशकें अथवा जनावरांच्या गोचिडांवरील औषधें मुलांच्या डोक्यास लावणें हा तर निव्वळ विषप्रयोग होय.

रासायनिक औषधांवर विसंबण्यासही मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३-४४ च्या हिंवाळ्यांत, नेपल्स शहरांत अंगावरील उवांमुळें पसरलेली टायफसची सांथ डी.डी.टी.ची पूड फवारून आवरली गेली, आणि या पुडीचा कीटकनाशक गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें थोड्याच वर्षांत, कोरियांतील युद्धाच्या वेळीं, डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या उवा आढळल्या. पर्मेथ्रिनच्या बाबतींतही अनेक देशांत तसेंच घडलें आहे. उपचार नीट पाळूनही जिवंत उवा राहिल्या तर तेंच औषध अधिक लावण्यापेक्षां डॉक्टरांकडून निराळें घ्यावें. डोक्यांतील उवा मात्र टायफस पसरवीत नाहींत, एवढें समाधान आहे. त्यांचा त्रास खाजेचा, व खाजवून झालेल्या जखमांचा. जखमा चिघळल्या किंवा मानेंत गांठी आल्या तर वैद्यकीय सल्ला घेणें अवश्य आहे.

गाद्या, पडदे व कोच यांवर घरांत जो हल्ला होतो तो बराचसा व्यर्थ असतो. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, पंचे व टोप्या कढत पाण्यांत धुतल्या आणि फण्या-कंगवे दहा मिनिटें कढत पाण्यांत ठेवले कीं पुरे. त्यांत वांचलेला वेळ घरांतील प्रत्येक डोकें तपासण्याकडे लावावा. आजीचें आणि आईचेंही. जितक्या डोक्यांत जिवंत ऊ सांपडेल तितक्यांवर एकाच दिवशीं उपचार व्हावा. एकीचें आज आणि दुसरीचें पुढील महिन्यांत, अशा क्रमानें तर उवा वर्षानुवर्षें घरांत फिरत राहतात.

राहिला प्रश्न दोषाचा. ऊ स्वच्छ केंसांतही तितक्याच सुखानें राहते. खेळतांना, एका अंथरुणावर निजतांना, एका पुस्तकावर वांकतांना डोक्याला डोकें लागतें आणि ती चालत पलीकडे जाते. कोणाची आई न्हाऊं घालते व कोणाची घालीत नाहीं हें ती पाहत नाहीं. शिवाय प्रथमच उवा झाल्या असतां खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात, कारण ती उवेच्या लाळेविरुद्ध शरीरांत हळूहळू जागी होणारी प्रतिक्रिया असते. म्हणजे आज खाज सुटली म्हणून कालपरवां घरांत आलेल्या मोलकरणीच्या मुलीवर आळ घेणें हें न्यायाच्या दृष्टीनेंच नव्हे, तर गणिताच्या दृष्टीनेंही टिकत नाहीं. कदाचित् त्या मुलीलाच या घरांतून उवा मिळालेल्या असतील, आणि तिची आई नोकरीच्या भीतीनें तें बोलत नसेल.

शाळांतही मुलीला वर्गाबाहेर बसविणें, चारचौघांत तिचें डोकें तपासणें, रागाच्या भरांत तिचे केंस कातरून टाकणें, असे प्रकार घडतात. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२२ सालच्या मार्गदर्शनांतही असाच अभिप्राय दिला आहे कीं उवांसाठीं निरोगी मुलाला शाळेंतून घरीं धाडूं नये; दिवस पुरा होऊं द्यावा व उपचार घरीं व्हावा. शिक्षिकेनें आईला एकांतांत सांगितलें म्हणजे पुरे.

आणि आईनेंही तें पुढें सांगावें. एका बाकावर बसणाऱ्या तिघीचौघी, खेळावयास येणारें शेजारचें मूल, मोलकरणीची मुलगी, या सर्वांच्या घरीं त्याच आठवड्यांत फणी फिरली तरच एकीचा उपचार टिकतो. मोलकरणीला औषधाची दुसरी बाटली व एक चांगली फणी आणून देण्यास जो खर्च येतो, तो तिसऱ्यांदा आपल्याच घरीं औषध आणण्याच्या खर्चाहून अधिक नाहीं. खाज मात्र उवा गेल्यावरही कांहीं दिवस राहते. त्या दिवसांत पुन्हां औषध न लावतां पांढऱ्या फडक्यावर फणी पुसून पाहावी.