दोन वर्षांची पावती
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. पदवी, सेमिस्टर, क्रेडिट यावर हा काय बोलणार, असं मघाशी मागून कुणीतरी म्हणालं. बरोबर आहे. पण मोजदाद मला कळते. पहिल्या पाळीनं चारशे गोण्या उतरवल्या की टॅली क्लार्क कागदावर चारशे लिहितो. दुसरी पाळी येते ती चारशे एकपासून मोजते. ‘त्या चारशे परत जहाजात चढवा आणि पहिल्यापासून उतरवा,’ असं कुठला मुकादम म्हणाला तर त्याच दिवशी काम बंद पडेल. कॉलेजात आपल्या पोरांना नेमकं हेच सांगतात. आणि आपली पोरं खाली मान घालून ऐकतात.

आमच्या वस्तीत एक पोरगा आहे. बी.एस्सी. आयटीची दोन वर्षं त्यानं विनाअनुदानित कॉलेजात काढली. चार सेमिस्टर, सगळे विषय पास. तिसऱ्या वर्षी बाप कामावरून पडला, अंथरुणाला खिळला. फी थकली. कॉलेजनं कागद अडवले. आज तो पाठीवर पेटी बांधून लोकांच्या दारात जेवण पोचवतो. मी म्हटलं, ऑनलाइन का होईना, पदवी पुरी कर. तर म्हणाला, ‘दादा, परत पहिल्यापासून कोण शिकणार?’

‘परत पहिल्यापासून’ हे शब्द मला रात्रभर टोचले. आपल्या बापजाद्यांचं केलेलं काम कुणी कधी वहीत मांडलंच नाही. म्हणून प्रत्येक पिढी शून्यापासून सुरू झाली.

बाबासाहेबांचं आठवा. १९१६ साली ते लंडनला शिकायला गेले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. पुस्तकं बोटीनं पाठवली होती, ती बोट महायुद्धात पाणबुडीनं बुडवली. पण निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाची परवानगी घेतली होती की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. १९२० साली ते परत गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. पुस्तकं बुडाली, जागा बुडाली नाही. कारण हातात परवानगी होती. आपल्या पोराच्या हातात काय आहे?

आहे, मित्रांनो. फक्त त्याला कुणी सांगितलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ साली क्रेडिट बँकेचे नियम काढले. पैशाची नाही, शिक्षणाची बँक. पास केलेल्या विषयांची क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात, बारा आकडी नंबर मिळतो, खातं फुकट. क्रेडिट साधारण सात वर्षं चालतं. २०२१-२२ पासून मिळवलेली क्रेडिट यात धरतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला चाळीस. आपल्या पोराची ऐंशी झाली.

पण नीट ऐका. जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडून निम्मी तरी क्रेडिट मिळवावी लागतात. म्हणजे १२० पैकी साठ तिथंच करायची. ऐंशीतली फार तर साठ सोबत नेता येतील, तीही नव्या विद्यापीठानं विषय जुळतात असं मानलं तर. खातं उघडलं म्हणजे क्रेडिट आपोआप चालत गेलं, असं होत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारायचं: माझे कुठले विषय धरणार, किती सेमिस्टर वाचणार? आणि उत्तर लेखी घ्यायचं. तोंडी शब्दावर आपण लई फसलोय.

दुसरा सापळा. भिंतीवर जाहिरात दिसते: ‘घरबसल्या ऑनलाइन बी.टेक.’ तिथून पळा. इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं देता येत नाही. दूरशिक्षणातून वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली घाव घातला, आणि नोकरीत असलेली माणसं लटकली. बीसीएसारखी पदवी मात्र मान्यता असलेल्या विद्यापीठातून ऑनलाइन घेता येते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव आणि तोच अभ्यासक्रम आहे का, ते स्वतः बघायचं. दलालाच्या मोबाइलवर नाही.

स्वस्तात कुठं? १९८५ चं इग्नू आहे, त्याची बीसीए ऑनलाइनही आहे. मद्रास आयआयटीनं २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला. जेईई लागत नाही, त्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. अभ्यास घरी, मुख्य परीक्षा केंद्रावर. अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्न बघून पाऊण फीपर्यंत सूट. पण जुनी क्रेडिट तिथं चालतील असं गृहीत धरू नका. विचारा.

आता सरकारला दोन शब्द. तुम्ही म्हणता, एका वर्षानं बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी पडा, पदविका घ्या. दार दोन्हीकडून उघडं. झकास! पण बाहेर कोण पडतं? ज्याच्या बापाचा बंगला आहे तो? शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली नाही म्हणून ज्याला बाहेर काढलं, त्याच्या हातात प्रमाणपत्र ठेवून त्याला ‘निवड’ म्हणू नका. ही ढकलून देणाऱ्याची सभ्य भाषा आहे. आत यायच्या दाराला फी आहे, बाहेर जायच्या दाराला नाही. हे आम्हाला कळतं.

तरी मी म्हणतो, ती पावती घ्या. व्यवस्था आपली नाही म्हणून आपल्या घामाचा हिशोब तिच्या तिजोरीत सोडून द्यायचा? मालकाचा कारखाना आहे म्हणून आपण पगार सोडतो का?

म्हणून हे शिबिर संपायच्या आत ठरवू. एक: थकलेल्या फीपायी कुठलंही कॉलेज गुणपत्रिका आणि क्रेडिट अडवणार नाही, ही मागणी घेऊन आपण विद्यापीठाच्या दारावर जायचं. फीचं भांडण वेगळं, पास झालेला विषय वेगळा. दोन: दर रविवारी बुद्धविहारात एक टेबल, एक मोबाइल, दोन शिकलेली पोरं. ज्याचं ज्याचं शिक्षण अर्धवट सुटलंय त्यानं कागद घेऊन यायचं. नसतील तर कॉलेजला अर्ज लिहायचा, पोच घ्यायची.

पहिला अर्ज त्या पोराचा. तो आज इथंच आहे, शेवटच्या रांगेत. पेटी बाजूला ठेवून ऐकतोय. गड्या, तू ऐंशी गोण्या उतरवल्यास. ऐंशीची पावती आधी ताब्यात घेऊ. मग त्यातल्या साठ मान्य करून घेऊ, आणि तू एकसष्टपासून मोजायला लाग.

जयभीम.