खारे पाणी आणि गळाचे रीळ

(मेढा येथे हौशी मच्छीमार तरुणांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मेढा हे जावळी खोऱ्यातले, वेण्णेकाठचे गाव. येथे समुद्र नाही, मचवे नाहीत, कोळीवाडा नाही. मग समुद्रावर वापरल्या जाणाऱ्या धातूच्या रिळाची निगा हा विषय येथे कशासाठी?

त्याचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. वेण्णेचे पाणी संगम माहुलीस कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राकडे जाते. येथला माणूस मात्र पोटापाण्यासाठी पश्चिमेच्या समुद्राकडे गेला. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा यांत जावळीच्या किती पिढ्या राबल्या, हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे सुटीच्या दिवशी खडकावर बसून गळ टाकण्याचा छंद अनेकांना जडला. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, तेच हे. आज आपल्यातील तरुण आंबेनळी घाट उतरून हर्णैला किंवा कुंभार्ली घाटाने गुहागरला जातात, दोन दिवस गळ टाकतात आणि रीळ पिशवीत घालून घरी परततात. सरळ रेषेत मोजले तर समुद्र येथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. परंतु रिळाच्या दृष्टीने पाहिले, तर तो आपल्या पिशवीतूनच घरी येतो.

एक अनुभव

हे मी स्वानुभवाने सांगत आहे. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, मुंबईच्या गोदीत नोकरीस होते. पगारातून पै पै साठवून त्यांनी एक धातूचे रीळ घेतले आणि ते वीस वर्षांहून अधिक काळ वापरले. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी ते माझ्या हाती दिले. मी माघात कोकणच्या किनाऱ्यावर गेलो, दोन दिवस ते वापरले, वरवर पुसले आणि रेक्झिनच्या पिशवीत बंद करून फळीवर ठेवले. श्रावणात पिशवी उघडली तेव्हा मूठ फिरेना. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती, पितळी भागांवर हिरवा थर चढला होता, तारेची कमान जागची हलत नव्हती. तात्यांनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाले, “समुद्र घरी घेऊन आलास होय?”

पुढे ते एका दुकानात दुरुस्तीस दिले. दुकानदाराने आत इतके ग्रीस भरून दिले, की मूठ फिरू लागली खरी, पण ती दोन्ही बाजूंना फिरू लागली. मासा ओढू लागताच उलटी सुटू लागली. अशा रीतीने एकाच रिळावर मला दोन धडे मिळाले. पहिला धडा निष्काळजीपणाचा आणि दुसरा अज्ञानाने केलेल्या अतिकाळजीचा. आजचे व्याख्यान या दोन धड्यांचाच विस्तार आहे.

मीठ काय करते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांत आपल्या खाण्यातले मीठच सर्वांत अधिक असते. रीळ वाळले की पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. मिठाचा स्वभाव आपल्या गृहिणी चांगल्या जाणतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. आपल्याकडील पावसाळ्यात आर्द्रता याहून अधिक असते, हे वेगळे सांगावयास नको. म्हणजे माघात वाळलेले रीळ आषाढात, कोणीही हात न लावता, पुन्हा खाऱ्या पाण्याने ओले होते. समुद्रावर दोन दिवसांत होणार नाही एवढे नुकसान घरच्या फळीवर चार महिन्यांत होते.

दुसरी गोष्ट धातूंच्या सहवासाची. रिळाचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा, आतील दातेरी चक्रे पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, आणि स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असतात. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असून मध्ये खारे पाणी असेल, तर तेथे एक लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि त्यांपैकी दुबळा धातू झिजू लागतो. येथे दुबळा म्हणजे ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती जमणारी पांढरी भुकटी ही त्या झिजेची खूण होय. न गंजणारे पोलाददेखील मिठापुढे संपूर्ण निर्धोक नाही. त्याला बारीक खळगे पडतात.

परत आल्यावरचा पहिला तास

यास्तव सर्वांत महत्त्वाचे काम तेलाचे नसून गोड्या पाण्याचे आहे, आणि ते त्याच दिवशी व्हावयास हवे. मुक्कामाच्या ठिकाणी बादलीभर गोडे पाणी मिळाले, तरी पुरे.

प्रथम ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला असता तंगूस न तुटता सुटू देणारा घर्षणाचा ब्रेक, घट्ट आवळून घ्यावा. त्यामुळे त्याच्या चकत्यांत पाणी शिरत नाही. नंतर रिळावर हाताने पाणी शिंपडावे किंवा तांब्याची बारीक धार सोडावी. नळाचा जोराचा फवारा मारू नये. त्या जोराने बाहेरचे मीठ धुतले न जाता आत ढकलले जाते. रीळ बादलीत बुडवून ठेवणे तर सर्वथा टाळावे. पाणी थंड किंवा कोमट असावे.

मग रीळ झटकून मऊ सुती कापडाने पुसावे. गुंडाळलेल्या तंगुसाच्या थरांत पुष्कळ मीठ दडलेले असते. म्हणून भिजलेला तंगूस बाहेर काढून ओल्या फडक्यातून ओढावा आणि पुन्हा गुंडाळावा. अखेरीस ड्रॅग सैल करून रीळ सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. आतील ग्रीस पातळ होऊन भलत्या ठिकाणी उतरते.

रीळ पूर्ण वाळल्यावर तेलाचा क्रम येतो. मुठीचा सांधा, तारेच्या कमानीची दोन्ही टोके आणि तंगूस ज्यावरून वळतो तो लहानसा रोलर, या जागी पातळ तेलाचा एकेक थेंब पुरतो. यांपैकी रोलरकडे विशेष लक्ष असावे. तो अडकला, की तंगूस त्यावरून फिरण्याऐवजी घासला जातो, आणि जिताडा किंवा तांब यांसारखा दांडगा मासा लागला असता ऐन वेळी तुटतो. आपण दैवाला दोष देतो. दोष असतो त्या न घातलेल्या एका थेंबाचा.

तेल कोठे, ग्रीस कोठे?

आपले वाडवडील वंगणाचे शास्त्र जाणत होते. बैलगाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि आखात वंगण घातल्यावाचून गाडी वाटेला लागत नसे. परंतु गाडीचे वंगण घड्याळाला कोणी घालत नाही. रिळात गाडी आणि घड्याळ या दोहोंचा संगम आहे, हे ध्यानी धरावे.

जेथे भार मोठा आणि वेग कमी, म्हणजे दातेरी चक्रांवर, तेथे ग्रीस हवे. तेही पाण्याने न धुपणारे, नौकांसाठी मिळते तसे. ते दातांवर पातळ लावावे, पोकळी भरून टाकू नये. जेथे वेग अधिक आणि भार हलका, म्हणजे बेअरिंगमध्ये, तेथे पातळ तेलाचे एकदोन थेंब घालावेत. या कामी शिवणयंत्राचे तेलही चालते. मूठ उलटी फिरू न देणारा जो रोळ्यांचा भाग असतो, त्याला तेलाचा केवळ पुसटसा हात लावावा. तेथे ग्रीस गेले, की रोळ्या घसरतात आणि मूठ उलटी सुटते. माझ्या रिळाचे झाले ते हेच. ड्रॅगच्या चकत्या कोरड्या वापरण्याच्या असतील तर त्यांना वंगण लागू देऊ नये. वंगण लागणाऱ्या असतील तर त्याच कामाचे खास ग्रीस वापरावे.

खोबरेल घरात सहज असते, म्हणून तेच घालण्याचा मोह होतो. हे कटाक्षाने टाळावे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजू लागते, आणि आपल्याकडील थंडीत पहाटे पारा याहून पुष्कळ खाली उतरतो. शिवाय कोणतेही खाद्यतेल हवेने कालांतराने चिकट होते. तसेच, गंज सोडविण्यासाठी फवाऱ्याच्या डब्यातून मिळणारा पातळ द्रव हे कायमचे वंगण नव्हे; आत मारल्यास तो असलेले ग्रीसही धुऊन नेतो.

वर्षातून एकदा

महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि त्या दिवसांत खवळलेल्या समुद्राच्या खडकावर हौशी माणसानेही जाऊ नये. रीळ संपूर्ण उघडून साफ करण्यास हाच काळ उत्तम.

पांढरे कापड अंथरून त्यावर सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडावेत. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास जोडताना अडचण येत नाही. बारीक स्प्रिंग उडून हरवते, म्हणून खोल ताटात काम करावे. जुने ग्रीस पुसून धातूचे भाग रॉकेल आणि मऊ ब्रश यांनी धुवावेत. हे काम हवेशीर जागी, चूल व विडीकाडी यांपासून दूर करावे. पेट्रोल कदापि वापरू नये. पांढरी भुकटी सुरीने किंवा पॉलिश कागदाने खरवडू नये, कारण ॲल्युमिनियमवरील संरक्षक थरच त्यामुळे निघून जातो. सर्व भाग वाळल्यावर वंगण घालून जोडावेत आणि प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावावे. त्यामुळे दोन धातूंमध्ये आडपडदा राहतो आणि पुढील वर्षी स्क्रू सहज निघतो. वापरलेले रॉकेल वेण्णेत किंवा ओढ्यात ओतू नये, आणि जुना तंगूस पाण्याकाठी टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

रीळ ठेवताना रेक्झिनची पिशवी नको, सुती पिशवी असावी. हाच नियम कण्हेर जलाशयावर किंवा बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरावर रीतसर परवानगीने गळ टाकणाऱ्यांनाही लागू आहे. गोड्या पाण्यात मीठ नसले, तरी गाळ आणि वाळू असतेच.

अवजाराचा मान

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कुंडल रोड स्थानकाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. लोखंडाने जमीन नासेल, अशी शंका आरंभी शेतकऱ्यांना होती. ती फिटली आणि लोखंडी नांगर घरोघर आला. त्याबरोबर लोखंडाची निगा राखण्याची जबाबदारीही घरोघर आली. नांगर असो, इंजिन असो वा रीळ असो, यंत्र विकत घेता येते. त्याचे आयुष्य मात्र आपणच द्यावे लागते. खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. ती पूजा वर्षातून एकदाची. गोड्या पाण्याचा तांब्या आणि तेलाचा थेंब ही रोजची पूजा.

तात्यांचे रीळ मी पुढे स्वतः उघडले. एक बेअरिंग आणि रोलर बदलावा लागला, उरलेले सर्व भाग वाचले. आज ते फिरते आहे. गेल्या खेपेस कोकणातून परतलो तेव्हा तात्यांनी प्रथम मासा किती मोठा लागला हे विचारले नाही. रीळ धुतले का, हे विचारले. आपल्या घरीही हाच प्रश्न प्रथम विचारला जावा, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.